थेट विमान भरलंय

लोक मला विमानकाका म्हणतात. मी आजवर एकदाही विमानात बसलेलो नाही. स्टुलावर चढलो तरी मला गरगरतं. पण तिकिटांच्या धंद्यात चक्कर गिऱ्हाइकाला यायला नको, एवढंच बघायचं असतं. त्यासाठी माझा एक नियम आहे: अंतर किलोमीटरमध्ये सांगायचं नाही, तासांत सांगायचं. मुलाला दूरदेशी धाडणारी आई काउंटरपाशी डोळे पुसायला लागली की मी म्हणतो, "ताई, नऊ तास फक्त. जेवून झोपायचं, उठलं की पोचलं." ताई हसतात. आपण पुण्य कमावतोय असं मला वाटायचं.

मग आमच्याच मुलीला त्या नऊ तासांवरच्या शहरात नोकरी लागली.

"साडेसात हजार किलोमीटर!" मी जेवताना ओरडलो. "मध्ये समुद्र किती, वाळवंट किती!"

"तुमच्या गिऱ्हाइकांच्या वाटेत कधी समुद्र आला नाही तो," बायको म्हणाली. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

आठवडाभर माझं हेच चाललं. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुलीला होकार कळवायचा होता. दुपारी ती तिकिटाचं बघायला माझ्या ऑफिसात आली. मी सकाळपासून खपून तिच्यासाठी एक मार्ग शोधून ठेवला होता: तीन विमानं, दोन थांबे, एक अख्खी रात्र विमानतळाच्या बाकड्यावर. इतका भिकार मार्ग मी वैऱ्यालाही विकला नसता. स्क्रीन तिच्याकडे वळवून मी सुस्कारा सोडला. त्याचीही तालीम केली होती.

फक्त एक विसरलो. कॉलेजच्या सुट्ट्यांत ती याच टेबलावर तिकिटं काढायला शिकली होती. शिकवणारा शहाणा कोण, ते सांगायला नको.

"बाबा, हे दुसरं विमान मला जायचंय त्या शहरावरून पुढे जातं. मग तिसऱ्यानं परत मागे यायचं?"

"वारा असतो कधीकधी," मी म्हणालो.

"आणि थेट विमान?"

"भरलंय."

"वर्षभराचं?"

मी पंखा वाढवायला उठलो. पंखा आधीच पाचवर होता. पाठ तिच्याकडे होती म्हणूनच असेल, तोंडातून खरं निघालं. "तू जाऊ नयेस असं वाटतं मला. घर खायला उठेल. तू नसलीस तर तुझी आई आणि मी भांडायचं कुणासमोर?"

ती हसेल असं वाटलं होतं. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसली.

"हे आधी का नाही म्हणालात? आठवडाभर नुसते समुद्र मोजताय. मलाही भीती वाटते, बाबा. तुम्ही राहा म्हणालात तर राहीन. खरंच. आत्ता नकार कळवते."

मोबाइल तिच्या हातात होता. मला हवं ते आयतं पानात पडलं होतं. नुसतं 'राहा' म्हणायचं होतं. मी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि तिथेच माझा घात झाला. जायचं असून पाय अडलेली माणसं मी रोज बघतो. त्यांचा चेहरा ओळखण्यावर तर माझं पोट चालतं. तो चेहरा माझ्या लेकीचा असावा, हे काही बरं झालं नाही.

मी खुर्चीत येऊन बसलो. स्क्रीन आपल्याकडे वळवला, तो भिकार मार्ग पुसला आणि थेट विमान उघडलं. अर्धं रिकामं होतं.

"खिडकीजवळची जागा देऊ?" मी विचारलं.