रजिस्टरातली खोटी लेक

सरकारी माणसानं वही उघडली, की आपण आधी सावध होतो. खोटं वाटतं? स्वतःच्या घरात बघा!

रंगूबाईचंही तसंच होतं. नाशिकच्या कडेला झेंडू-शेवंती पिकवणारी तिची वस्ती, साल १९९८. नव्यानं बदलून आलेल्या नर्स मंजुषाताईंकडून ती आपल्या नातीला, सृष्टीला, लस टोचून घ्यायची. पण नाव विचारलं की सांगायची, "लिवा, चंद्रकला. बाप सहादू." सहादू म्हणजे वस्तीतला साठीचा ब्रह्मचारी! सगळ्या आळीला तिनं हेच पढवलं होतं, खोटी नावं सांगा म्हणून. पूर्वी एकदा असंच नाव सरकारी वहीत लिहून नेलं होतं, आणि पंधरा दिवसांत थोरल्या सुनेला नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायला जीप दारात हजर! तेव्हापासून वहीवर तिचा विश्वास उरला नव्हता.

या खेपेला डोस झाल्यावर चौथ्या दिवशी सृष्टीची मांडी टम्म सुजली.

"बघ! सुईत कायतरी घातलंय यांनी," रंगूबाई धाकट्या सुनेला, गोजराला, म्हणाली. "कोणाला सांगू नको. हळद लाव."

सहाव्या दिवशी मंजुषाताई वस्तीत आल्या नि दारोदार विचारू लागल्या, "सहादूची चंद्रकला कुठं राहते?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रंगूबाईनं मात्र पोरीला घरात नेऊन कडी घातली. शोधत्यात म्हणजे नक्की कायतरी दाबायचंय! तेवढ्यात पोर कळवळून किंचाळली, आणि मंजुषाताई त्याच दाराशी थांबल्या.

"आजी, दार उघडा."

"नाय उघडत! वहीत लिवायला माझी नात नाय."

"अहो, ही वही तुमच्यावर नाही, आमच्यावर नजर ठेवते. कुठल्या बाळाला कुठल्या बाटलीतून डोस दिला, ते हिच्यात आहे. शेजारच्या वस्तीत दोन मुलांच्या मांड्या पिकल्या. वही पाहिली तर दोघंही एकाच बाटलीतली! त्या बाटलीतली दहा मुलं. चार सापडली. तुमच्याकडची सहा सापडतच नाहीत."

"म्हंजे लसच वाईट ना?"

"लस, बाटली की माझा हात, तेच शोधायचंय. दुसऱ्या बाटल्यांची मुलं ठणठणीत आहेत. माझी चूक असली तर तीही हीच वही दाखवेल."

"अन् मागं नाव लिवल्यावर माझ्या सुनेला ऑपरेशनला न्यायला जीप आली, ती?"

मंजुषाताई दाराजवळ सरकल्या. "ते चुकलं, आजी. आमच्यातल्याच कुणीतरी केलं. पण त्याची शिक्षा लेकराला का?"

कडी निघाली. रंगूबाईला रडू आवरेना. "सृष्टी नाव हाय तिचं, बाई. सृष्टी!"

पोर तापानं फणफणली होती. दवाखान्यात गळू कापलं. डॉक्टर म्हणाले, "एक दिवस उशीर झाला असता तर पोर हातची गेली असती."

हे ऐकून रंगूबाई तडक वस्तीत परतली नि घरोघर ओरडत फिरली, "खरी नावं सांगा गं बायांनो, माझं चुकलं!" त्या बाटलीतली उरलेली पाचही मुलं मिळाली. त्यातल्या बयाबाईच्या ओमची मांडी नुकती लाल होत होती. त्याला वेळेत औषध मिळालं.

पुढं चौकशीत कळलं, लस चांगली होती. ती एक बाटली उघडल्यावर नीट सांभाळली गेली नव्हती. मंजुषाताईंनी वस्तीत येऊन हे स्वतः सांगितलं, मान खाली घालून.

मंडळी, संशय जरूर घ्या. जाब विचारा, काय लिहिलंय ते वाचून घ्या, तो आपला हक्कच आहे! पण लेकराचं नाव खोटं सांगू नका. चूक कुणाचीही असो, ती निस्तरायला कुणी धावत आलं, तर त्याला आपलं मूल सापडलं पाहिजे.