दोन मिनिटं सहा सेकंद

“पुन्हा एकदा,” फोटोकाका म्हणाले.

“अहो, किती वेळा? झाकणच तर काढायचंय,” असं म्हणत काकू उठल्याच. शाळेचं मैदान माणसांनी भरलं होतं, सगळे काळे चष्मे लावून वर बघत होते, आणि या दोघांची आपली कॅमेऱ्याच्या तिपाईभोवती कवायत चालली होती. काकूंनी अजून सूर्याकडे न वळवलेल्या कॅमेऱ्यापुढचा फिल्टर दोन्ही हातांनी, धक्का न लावता काढला आणि लगेच परत बसवला.

तीस वर्षं काकांनी स्टुडिओत लोकांची पासपोर्टची तोंडं काढली. “हलू नका” हे ते जितक्यांदा म्हणाले, तितक्यांदा बायकोला हाकही मारली नसेल. मग कंपवात झाला. आधी उजवा हात गेला, मग पाय अडखळायला लागले, आवाज तर पार बसला. स्टुडिओला कुलूप लागलं. कुणी सांगितला म्हणून नव्हे, तर आपल्याला हवा म्हणून काढलेला एकही फोटो आपल्या नावावर नाही, हे काकांना तेव्हा जाणवलं आणि फार लागलं. आता ग्रहणात सूर्य दोन मिनिटं सहा सेकंद पूर्ण झाकला जाणार होता, तोही त्यांच्याच गावावर. असा योग त्यांच्या हयातीत पुन्हा नव्हता.

परगावच्या मुलीने लॅपटॉपमध्ये कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. “बाबा, तुम्ही बटणाला हातसुद्धा लावायचा नाही.” जागा आणि वेळ सांगितली की कुठल्या सेकंदाला फोटो घ्यायचा, उजेड किती घ्यायचा, सगळं तेच बघणार. काकांनी चार महिने एका बोटाने चौसष्ट फोटोंची यादी भरली. पण सॉफ्टवेअरला हात नव्हते. सूर्य झाकला गेला की लेन्सवरचा काळा फिल्टर माणसानेच काढायचा, नाहीतर फोटोत नुसता काळोख. ते काम काकूंचं. त्यांना आठवण राहावी म्हणून मुलीने स्वतःच्या आवाजात सूचना भरून पाठवली होती.

ऊन विटत गेलं. वारा पडला. मैदानाच्या पलीकडून अंधार धावत आला आणि सगळी माणसं एकदम ओरडली.

“आई, फिल्टर काढ,” लॅपटॉप म्हणाला.

काकांनी ऐकलं, त्यांचा कानच तिथे होता. काकू दोन पावलांवर उभ्या होत्या. चष्मा हातात, तोंड उघडं, नजर वर. घरी पन्नास वेळा तालीम झाली होती, पण तालमीत सूर्य नव्हता.

कॅमेरा खटखट वाजू लागला. पडद्यावर पहिला फोटो आला, काळा. दुसरा काळा.

“अगं, फिल्टर,” काका म्हणाले. आवाज ओठांपुढे गेला नाही. ते कसेबसे उठले, तर पाय जमिनीला खिळले. हात पुढे केला, तो हवेतच थरथरत राहिला. अकरा. बारा. हुकमाचा ताबेदार असल्यासारखं सॉफ्टवेअर यादी बिनचूक पार पाडत होतं. काका पडद्याकडे बघत राहिले. ती आता वळेल, आता वळेल, असं त्यांना शेवटच्या फोटोपर्यंत वाटत होतं.

उजेड परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू डोळे पुसत वळल्या. “अहो, बघितलंत?” आणि मग त्यांना फिल्टर दिसला. हात झटकन पुढे गेला.

“आता नको,” काका म्हणाले. “ऊन आलंय. कॅमेरा जळेल.”

काकू मटकन खाली बसल्या. “एवढं एकच काम होतं माझं.”

“सॉफ्टवेअर बोललंच नाही.”

“खोटं बोलू नका. लेक हाक मारत असणार. मलाच ऐकू आलं नाही.”

काका हळूहळू खुर्चीत टेकले. त्यांना राग यायला हवा होता, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं. “कसा होता?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“सूर्य. मी पडद्याकडेच बघत होतो.”

काकू उठल्या. मग खुर्ची ओढून त्यांच्या अगदी कानाशी बसल्या. “मधे काळा,” त्या म्हणाल्या, “आणि भोवती पांढरं… मला नाही हो नीट सांगता येत.”

“सावकाश सांग.”

काकांनी लॅपटॉप मिटला. दोनदा हात निसटला, तिसऱ्यांदा मिटला. मग डोळे मिटून ते ऐकत बसले.