नवव्या दारातला राउटर

रिनाईने टाचणीने राउटरच्या पाठीवरचं बारीक बटण दाबून धरलं आणि दहापर्यंत मोजलं. कापितच्या बाजारात तीस रिंगिटला मिळालेला जुना राउटर. बरोबरच्या बायकांनी नाकं मुरडली होती, पण रिनाई कुणाच्या नाकाकडे बघून सामान घेणारी बाई नव्हे.

दिवे लागले. नेट मात्र आलं नाही.

"झालं का?" तिच्या नवऱ्याने, बान्साने, चटईवरून विचारलं. अर्धांगवायूने त्याची डावी बाजू गेली होती; तोंड शाबूत होतं.

"होईल. न व्हायला काय झालं?"

चार वाजता जोहोरहून लेक सेली बाळ दाखवणार होती. रीत अशी, की घरातल्या एखाद्या गेलेल्या वडीलधाऱ्याचं नाव बाळाला द्यायचं, आणि ते सांगायचं आजोबांनी. वीस बिऱ्हाडांचं एकच लांबघर, एकच ओसरी. मुखियांचं नेट पहिल्या दारी, हे सतरावं; तेच नेट झेलून राउटरने इथवर पोचवायचं होतं. शेजारचे चौघे म्हणाले, पहिल्या दारी उचलून नेतो, तर बान्सा उखडला होता.

"या ओसरीवरून मला उचलून न्याल ते एकदाच. आज नाही!"

रिनाईने कपाळावर हात मारला. जिथे सिग्नलच पोचत नाही तिथे ठेवलेला राउटर पुढे देणार काय, डोंबल? तो मध्ये हवा, सिग्नल धड आहे तिथे. फोन धरून ती ओसरीवरून चालत गेली. जागा सापडली ती नेमकी नवव्या दारी. थोरल्या बहिणीच्या, एम्पियांगच्या.

चार वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. एम्पियांगचा नवरा उंगात वारला, तेव्हा रिनाई शहरातली नोकरी टाकून आली नव्हती. त्याची लाज तिला अजून वाटे. पण आज लाजत बसायला सवड नव्हती. तिने दार वाजवलं.

"ताई, एक प्लग हवाय. भिंतीजवळचा."

एम्पियांगने तिच्याकडे नाही, राउटरकडे पाहिलं.

"माझा माणूस गेला तेव्हा वेळ नव्हता तुला. या डबड्यासाठी बरी आलीस!"

"आले खरी. शिव्या दे हव्या तेवढ्या, पण प्लग दे."

"निलाजरी मेली," म्हणत एम्पियांगने पंख्याची पिन उपसली.

चार वाजता सतराव्या दारी फोनवर सेली दिसली, आणि तिच्या कुशीत लालबुंद गोळा. रिनाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. बान्साने घसा खाकरला. तीन दिवस तो स्वतःच्या बापाचं नाव घोकत होता. शेजारच्या बिऱ्हाडांनाही ते पाठ झालं होतं. त्याने फोनवरून नजर उचलून दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उंगात," तो म्हणाला.

रिनाई चमकून वळली. उंबऱ्यात एम्पियांग उभी होती.

"नेट चालतंय का, ते बघायला आले होते," ती म्हणाली.

मग ती आत आली, रिनाईला कोपराने सरकवून चटईवर बसली आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"जवळ धर गं त्याला, सेली. नाक बघू दे."