पाणी वर येईस्तोवर

करवंदपाड्याची विहीर श्वास घेते असं रंगूबाई सांगायला लागली, की चिंचेवरचे कावळेसुद्धा होकाराच्या माना हलवायचे. न हलवून जातात कुठे? तिच्या आवाजाने एकदा अंबाडी नाक्यावरच्या टेंपोचा हॉर्न कायमचा बसला होता, तिथे कावळ्यांची काय कथा!

विहीर तिच्या सासऱ्याच्या हातची. भर वैशाखात आसपासच्या पाड्यांच्या विहिरींत बेडूक पाय भाजू नयेत म्हणून एकमेकांच्या पाठीवर बसत, तेव्हा हिच्या विहिरीत वाकून हात घातला की बोटं भिजत. भिवंडी शहराला पाणी नेणारी जाडजूड पाइपलाइन पाड्याला खेटून जमिनीखालून गेली होती, पण ते पाणी शहराचं. पाड्याने फक्त त्यावरून चालायचं. त्यामुळे समद्या बाया रंगूबाईच्या विहिरीच्या ओट्यावर, आणि ओट्यावर राज्य रंगूबाईचं.

एकच खोट होती. शुक्रवारी पाणी उतरायचं. दर शुक्रवारी नाही, पण उतरलं तर शुक्रवारीच, आणि असं उतरायचं की तळाचा खडक दात दाखवायचा. रंगूबाईला त्याचं कारण ठाऊक होतं. कोणा तरी बाईचं पाप. मग ती संध्याकाळी ओट्यावर उभी राहून, बाजारात बोंबील निवडावेत तशी एकेक तोंड निरखायची आणि बोट रोखायची.

"तू. पाणी वर येईस्तोवर ओट्यावर पाय ठेवायचा न्हाय."

ती बाई रिकामी कळशी घेऊन घरी जायची, आणि शनिवारी पहाटे पाणी वर! आता यावर कोण काय बोलणार? कमळचं नाव निघालं, कारण तिने नवऱ्याआधी जेवून घेतलं. खुद्द सून भावनाचं निघालं, कारण ती मोबाइलवर हसत होती. कोणाचं पाप हे रंगूबाई विहिरीला विचारायची आणि विहीर तिच्या मनातलं नाव सांगायची.

चंद्राच्या मेघालीचं नाव निघालं ते तिच्या हळदीच्या दिवशी. हळद भिजवायची ती याच विहिरीच्या पाण्याने, ही पाड्याची रीत. तिच्या आईने, चंद्राने, रंगूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "काकी, आजचा दिवस सोड. पोरीची हळद हाय."

"हळद हाय म्हनून पाप धुतलं जातं काय?" रंगूबाई म्हणाली.

ताटातली हळद कोरडीच राहिली. विहिरीने नाव घेतलेली पोरगी नको म्हणून नवऱ्याकडचे लोक मांडवातूनच परत फिरले. मेघाली तेव्हापासून भिवंडीत निजामपुऱ्याला लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाते. रंगूबाईला त्या रात्री नेहमीसारखी गाढ झोप लागली. फक्त स्वयंपाक करताना हळदीचा डबा उघडला की तिचा हात थोडा थांबायचा. पण तो सांधेदुखीने, असं ती म्हणायची.

अशात तन्वीर आला. निजामपुऱ्याचा पोरगा, गळती शोधणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. शहराचं पाणी वाटेतच कुठे तरी जिरत होतं. पंप जीव तोडून चालत, विजेचं बिल आभाळाला भिडे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नळातून नुसती शिट्टी वाजे. तन्वीर कानाला हेडफोन लावून, तव्यासारखं एक यंत्र जमिनीवर टेकवत मैलोन् मैल फिरला होता. पण रस्त्यावरच्या ट्रेलरांच्या धडधडीत त्याला काही ऐकू येईना. दमून तो रंगूबाईच्या ओट्यावर टेकला.

पाहुणा दिसला की रंगूबाईची जीभ सुटे. तिने चहा दिला, आणि चहाबरोबर विहीर.

"जिवंत हाय ती, पोरा. श्वास घेते. पाप झालं की शुक्रवारी उतरते."

"शुक्रवारीच, मावशी?"

"दुसऱ्या कंच्या वारी कधी उतरली न्हाय."

"आणि परत वर?"

"शनिवारी पहाटे. पाप फेडून घेतलं की."

तन्वीरने कप खाली ठेवला. दुरुस्तीसाठी वीज बंद होते ती शुक्रवारी, आणि वीज गेली की पंपही बंद, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने विहिरीमागच्या गवतात यंत्र टेकवलं आणि दचकून हेडफोन काढला. खाली असा आवाज, जणू भिवंडीचे समदे लूम एकाच शिफ्टला लावलेत.

खणायची परवानगी हवी होती. ग्रामपंचायतीने अट घातली, पाड्याला एक नळ द्या. रंगूबाईला हसू आलं. "लावा की! माज्याच ओट्यावर लावा. कोन किती भरतंय ते माज्या डोळ्याखाली ऱ्हाईल."

खणलं तर पाइपाचा सांधा असा उघडलेला, की आत म्हैस डुंबली असती. एका शुक्रवारी वीज बंद असताना तो बुजवला, ओट्यावर नळही बसवला. शनिवारपासून शहरातला एक पंप बंद ठेवला तरी चालणार होतं, आणि निजामपुऱ्यात तन्वीरच्या आईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी चढणार होतं. पण ते शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळी पाड्यात विहिरीचा तळ उघडा पडला होता, आणि रंगूबाई ओट्यावर चढून तोंडं निरखत होती.

"मावशी, बस करा," तन्वीर म्हणाला. "पाप-बिप काही नाय यात. पाइप फुटला होता. पंप चालू की विहीर भरली, पंप बंद की तळाच्या भेगेतून पाणी गुल. एवढंच होतं."

चंद्रा कधी नव्हे ती पुढे झाली. "म्हंजे माज्या मेघालीच्या हळदीच्या दिवशी..."

"शुक्रवार होता?"

"शुक्रवार होता."

"मग लाइट गेली असेल, ताई. दुसरं काय?"

चिंचेवरचे कावळे गप्प झाले. बायांनी बोंबील निवडावेत तसं रंगूबाईकडे पाहिलं. तिला समोर ताटातली कोरडी हळद दिसली. पोरगा खरं बोलत असेल तर तिने एका फुटक्या पाइपासाठी एक मांडव मोडला होता. ते तिच्या तोंडून कधीच निघणार नव्हतं. आणि पाणी तर उद्या पहाटे येणारच होतं, आजवर कधी चुकलं होतं?

"हा पोरगा खोटा बोलतोय," ती छाती काढून म्हणाली. "पाइप कसला? पाप झालंय. माजंच झालंय! आता?"

चंद्राने पदर सारखा केला आणि ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बरं काकी. तू म्हनतेस तर तसंच. मंग पाणी वर येईस्तोवर ओट्यावर पाय ठेवायचा न्हाय."

रंगूबाई डौलात ओट्यावरून उतरली.

शनिवारी पहाटे ती विहिरीपाशी गेली. खडक दात दाखवत होता. पुढच्या शनिवारीही. पाप धुवायला ती अकलोलीला जाऊन गरम कुंडात इतकी उकडून आली, की कातडी भरताच्या वांग्यासारखी सुटली. पाणी वर आलं नाही. ओट्यावरचा नळ मात्र धो धो वाहत होता. बाया हसत-खिदळत भरत होत्या, आणि ती ओट्याखाली कळशी घेऊन उभी होती. घरी भावना तिच्यासाठी उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी ठेवायची. आत बोलवायची नाही. हे शिकवलं कोणी, ते विचारायची रंगूबाईची टाप नव्हती.

शेवटी एका सकाळी ती ओट्याच्या पायरीला धरून म्हणाली, "चंद्रा... त्या पोरानं सांगितलं व्हतं ना, पाइपाचं..."

"काय गं काकी, काय सांगितलं व्हतं?"

रंगूबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात कारखान्याला निघालेली मेघाली बाटली भरायला ओट्यावर आली.

रंगूबाईने तोंड मिटलं.

मेघालीने बाटली भरली, बूच लावलं. मग विहिरीच्या कठड्यावरून नीट वाकून आत पाहिलं आणि म्हणाली, "आजी, न्हाय आलं गं अजून."