सुभेदारांची रांजणवाडी

तीस नोव्हेंबरला निवृत्त सुभेदार लालासाहेब उठले ते एकाच डोळ्यानं. उजव्या पापणीवर हरभऱ्याएवढी रांजणवाडी टरारली होती. आणि नेमकं आजच त्यांना आपण जिवंत आहोत हे सरकारला दाखवायचं होतं. हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख, त्यात रविवार, लोणंदची बँक बंद. दाखला गेला नाही की पेन्शन थांबली. सगळी भिस्त आता सुनेच्या, रेश्माच्या मोबाइलवर.

पण रेश्माच्या आधी बनुबाई सहाण घेऊन हजर झाल्या. नवऱ्याच्या दुखण्यावर पहिला हक्क आपला, हे त्यांचं चाळीस वर्षांचं धोरण. त्यांनी लवंग उगाळली, खारकेची बी घासली, वर चिमूटभर हळद टाकली आणि बोटभर लेप पापणीवर थापला.

सियाचीनच्या बर्फात महिनोन्महिने उभा राहिलेला गडी अंगणात थयथया नाचू लागला.

"आगं, आगं, भाजला की डोळा!"

"झोंबतंय म्हंजे लागू पडतंय. दिस मावळंस्तवर पुसायचं न्हाई."

शेजारच्या हरणाबाईंनी कुंपणावरून धने भिजवलेल्या गार पाण्याचा तांब्या पुढं केला. "लवंगंनं डोळा जाईल, बनुबाई. धन्यानं धुवा."

"तुज्या धन्याची चटणी कर," बनुबाईंनी तिथूनच उत्तर दिलं.

दुपारी रेश्मानं चेहरा ओळखून दाखला पाठवणारं सरकारी ॲप उघडलं आणि मोबाइल सासऱ्यांच्या तोंडासमोर धरला. मोबाइलनं बराच वेळ निरखलं आणि कळवलं, चेहरा जुळत नाही. जुळणार कसा? अर्धं तोंड जेजुरीहून आल्यागत पिवळं होतं. बनुबाई गोठ्याकडं गेल्याचं बघून लालासाहेबांनी हरणाबाईंचा तांब्या गुपचूप मागवला आणि लेप धुऊन काढला. काय गार वाटलं!

आता चेहरा जुळला. मोबाइलची पुढची मागणी आली.

"मामा, डोळे मिचकावा," रेश्मा म्हणाली.

डावा मिचकला. उजवा सुजून बसला तो हलेना. मोबाइल म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला लालासाहेब खुर्चीत ताठ झाले. त्यांना खरोखर भीती वाटली. शत्रूच्या गोळ्यांनी जे केलं नाही ते एक फोड करणार, उद्यापासून आपण कागदावर मेलेले! बनुबाईच्या गुडघ्याच्या गोळ्या, दोघांचा चहा, सगळं त्या पेन्शनवर.

"व्हत न्हाई गं पोरी," ते हळूच म्हणाले.

एवढ्यात बनुबाई आल्या. धुतलेली पापणी त्यांनी दारातूनच ओळखली.

"व्हय वं! माजं औषध धुतलं? त्या हरणीच्या पाण्यानं?"

त्या तरातरा सहाणेकडं गेल्या, उरलेला लेप तर्जनीवर घेतला आणि ते पिवळं, लवंगेच्या वासाचं बोट मोबाइलच्या मागून थेट नवऱ्याच्या डोळ्यावर आणू लागल्या.

लालासाहेबांच्या दोन्ही पापण्या फडाफडा उघडमिट करू लागल्या. सूज विसरली, दुखणं विसरलं.

"झालं!" रेश्मा ओरडली. "मामा, दाखला गेला!"

बनुबाईंनी बोट हवेतच थांबवलं आणि कुंपणापलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "बघा, नुसतं दावलं तरी लागू पडलं का न्हाई!"

लालासाहेबांच्या जिवात जीव आला. ते हसायला लागले, आणि तेवढ्यात बोट पापणीवर टेकलं.