शिडीच्या मापाची बॅग

धाकटी सून तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच, म्हणून सासरी तिचं नाव पडलं शिडी. ते तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. मनाला लागली होती ती गेल्या हिवाळ्यातली सहल.

दर हिवाळ्यात सगळं कुटुंब डोंगरावर तंबू ठोकून राहायचं. सामान आणायचं थोरल्या दिरांनी. पुरुषांना पिसांच्या उबदार स्लीपिंग बॅगा, बायकांना पातळ आणि आखूड. "तुमच्या कुशीत मुलं असतात, तुम्हाला कसली थंडी?" असं ते म्हणायचे. शिडीची बॅग जेमतेम काखेपर्यंत पोचायची. गेल्या वर्षी तर घरी परतल्यावर महिनाभर ती खोकत होती.

यंदा जेवताना भाऊजींनी जाहीर केलं, "बायकांना जुन्याच बॅगा चालतील."

"मला नाही चालणार," शिडी म्हणाली. "माझी मी बघते."

नवऱ्याने टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने पाय काढून घेतला.

दुकानात तिच्याबरोबर थोरली जाऊही आली, पण "मी नुसती बघायला" असं दारातच सांगून मोकळी झाली. दुकानदाराने गुलाबी बॅगांकडे हात केला. "लेडीजसाठी या."

"या माझ्या अर्ध्यात संपतील. लांब दाखवा. पिसांच्या."

त्याने दोन काढल्या. शिडीने दोन्हींवर मूठ दाबून सोडली. एक तशीच चपटी पडून राहिली, दुसरी फुगून वर आली. दुसरीच्या लेबलावर थंडीचे दोन आकडे होते.

"यातला कुठला खरा?"

"एवढ्या थंडीत आरामात झोप लागते," दुकानदार पहिल्यावर बोट ठेवत म्हणाला, "आणि एवढ्या थंडीत कशीबशी रात्र निघते."

"कशीबशी बऱ्याच काढल्या. पहिलाच बघायचा. आत शिरून बघते."

"इथे? जमिनीवर?"

"मग काय, भिंतीवर झोपू?"

तिने बूट काढले आणि दोन कपाटांच्या मधे सरळ आडवी झाली. हनुवटीपर्यंत चेन ओढली. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जाऊ लागली. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"ऊठ गं, लोक बघतायत," जाऊ कुजबुजली.

"बघू देत. वहिनी, पाय पूर्ण पसरलेत माझे. पहिल्यांदाच."

कपाळावर घाम आला तरी ती उठेना. मग जाऊने पर्स खाली ठेवली आणि दुकानदाराला विचारलं, "माझ्या मापाची आहे का हो?"

घरी भाऊजींचा पारा चढला. "कोणाला विचारून आणल्यात?"

शिडी तोंड उघडणार, तेवढ्यात थोरली म्हणाली, "झोपायचं आम्हाला होतं." एवढं बोलून ती बॅगा कपाटात ठेवायला गेली.

डोंगरावर त्या वर्षी कडाक्याची थंडी पडली. पहाटे गवतावर पांढरं दव गोठलं होतं. भाऊजी हात चोळत बायकांच्या तंबूशी आले.

"उजाडलं. चहाचं काय?"

आत दोन्ही जावा नाकापर्यंत बॅगेत होत्या.

"जो उठलाय त्याने ठेवावा, भाऊजी," शिडी म्हणाली. "मला दोन चमचे साखर."

"मला एक," थोरली म्हणाली.

बाहेर स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. शिडीचा नवरा दोन कप घेऊन वाकून आत आला. त्याने पहिला, एक चमचा साखरेचा कप वहिनींना दिला, दुसरा शिडीला.