माझी सर्वांत वाकडी ओळ

मी एक जुनी वाकळ आहे, मित्रांनो. शहरात मला गोधडी म्हणतात आणि भिंतीवर टांगतात, असं ऐकलंय. आमच्या धारूरला वाकळ अंगावर घेतात, खाली अंथरतात आणि वेळ पडली तर तिच्यावर पापडही वाळवतात. आधीच सांगून ठेवते, मी देखणी नाही. माझ्या अंगावर सदतीस ओळी आहेत आणि त्यांतल्या छत्तीस वाकड्या आहेत. जी एक सरळ आहे तिने मागच्या महिन्यात केवढा घोटाळा करून ठेवला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

धारूरच्या बाजारात, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, ख्वाजाभाईंचं गादीचं दुकान आहे. ख्वाजाभाई कापूस पिंजायचे, गाद्या-उशा भरायचे. त्यांचं लग्न झालं तेव्हा नवी नवरी हलीमाबी हिला सुई धरता येत नव्हती. गादीवाल्याच्या घरात हे म्हणजे अवघडच. मग शेजारच्या वनमालाबाईंनी आपलं एक विटलेलं हिरवं लुगडं दिलं. ख्वाजाभाईंच्या दोन जुन्या लुंग्या मध्ये घातल्या आणि खाली कोणाचा तरी फेटा लावला. तो फेटा कोणाचा होता हे मला आजही ठाऊक नाही, पण माझ्या स्वभावात जी थोडी ऐट आहे ती त्याच्याकडून आली असावी.

हलीमाबींनी लाल दोरा ओवला आणि माझ्या वरच्या कोपऱ्यातून पहिली ओळ सुरू केली. निघाली होती समोरच्या कोपऱ्याकडे. मध्येच ती खाली घसरली, मग घाबरून वर चढली, एका जागी अडखळली आणि शेवटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसली. हलीमाबींना रडू आलं. त्या ती ओळ उसवायला निघाल्या, तेवढ्यात ख्वाजाभाई आत आले. त्यांनी ओळ पाहिली, हसू दाबलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. थंडी काय ओळी बघून आत येती का?"

ती ओळ राहिली, आणि तिच्यामुळे आमच्या दुकानाचा एक नियम झाला. जी कोणी वाकळ शिवायला शिकायला येईल, तिने आयुष्यातली पहिली ओळ माझ्यावर घालायची. एकच आणि पहिलीच. दुसरी ओळ आपापल्या वाकळीवर. आणि माझ्यावरची ओळ कितीही वाकडी आली तरी ती उसवायची नाही.

हलीमाबींचा हात पुढे असा बसला की बाया म्हणायच्या, हिची ओळ धरून भिंत बांधावी. धारूर, तेलगाव आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून मुली त्यांच्याकडे शिकायला आल्या. मी सगळ्यांच्या सुया सोसल्या. शिवकन्या नावाच्या मुलीची ओळ अर्ध्यावरच संपली आहे, कारण त्याच दिवशी तिला बघायला पाहुणे आले आणि ती पुन्हा आलीच नाही. एकीने तर ओळीच्या नादात मला स्वतःच्या ओढणीलाच शिवून टाकलं होतं. उठून घरी निघाली तेव्हा मीही तिच्यामागून दारापर्यंत गेले. मध्यंतरी हलीमाबींना यासीन झाला. त्याने तान्हेपणी माझ्यावर काय काय करून ठेवलं ते मी सांगत नाही. त्याला आता दोन मुलं आहेत, त्याचा मान ठेवायला हवा.

मग तेलगावची फरीदा शिकायला आली आणि तिने पहिल्याच फटक्यात सुतासारखी सरळ ओळ घातली. हलीमाबींनी चष्मा लावून ती ओळ दोनदा पाहिली आणि त्याच आठवड्यात फरीदाच्या घरी यासीनसाठी बोलणं लावलं. लग्न जमलं ते ओळीवरून, हे यासीनला मात्र कोणी सांगितलं नाही. आपल्या देखणेपणावर जमलं, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

ख्वाजाभाई गेले. सहा वर्षांपूर्वी हलीमाबीही गेल्या. दुकान यासीनच्या हाती आलं. तो मनाने चांगला आहे, मशीनवर त्याचा हात वाऱ्यासारखा चालतो आणि गादीला दाभणाचे टाकेही तो घालतो. वाकळीची ओळ मात्र बायकांचं काम म्हणून तो कधी शिकला नाही. त्याने दुकानात चकचकीत रजया आणल्या. त्यांना चेन असते, प्लास्टिकची पिशवी असते आणि त्यांच्यावर अशी फुलं असतात जी धारूरच्या माळावर कोणी पाहिली नाहीत. मला त्याने मशीनचा खडखडाट कमी व्हावा म्हणून मशीनखाली घडी करून घातलं. मी रागावले, पण वाकळीच्या रागाला कोण विचारतो? एखादी मुलगी शिकायला आली की फरीदा मला बाहेर काढून झटकायची, तेवढंच माझं ऊन.

आणि मागच्या महिन्यात फोन आला. संभाजीनगरच्या मंजुषाबाई म्हणून कोणी होत्या. त्या गोधडी शिकवतात. अंबाजोगाईला कॉलेजच्या मुलींना दोन दिवस शिकवायला निघाल्या होत्या. वाटेत धारूरला उतरून दुकान बघायचं आहे, म्हणाल्या, आणि विशेषतः कोणाकडून तरी ऐकलेली ती जुनी वाकळ.

फरीदा तेव्हा माहेरी तेलगावला गेलेली होती. दुकानात यासीन एकटा. शिकवणाऱ्या बाई येणार म्हणजे तपासणी होणार, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली. शाळेत साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे भिंतीला चुना लागतो आणि कुंड्या उसन्या आणल्या जातात, तसंच त्याने आरंभलं. सकाळी लवकर येऊन शटर धुतलं. रजया दारात टांगल्या. कापसात झोपणाऱ्या मांजरीला हाकलून दिलं. मग मला मशीनखालून ओढलं, गल्ल्यासमोर पसरलं आणि कपाळाला हात लावला.

माझ्या ओळी पाहून मॅडम आपल्या दुकानाला नापास करणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्याने ठरवलं, वाईटातल्या वाईट आठ-दहा ओळी उसवायच्या आणि त्या जागी मशीनची सरळ शिलाई मारून टाकायची. नियम त्याला माहीत होता, पण नियम रोजच्या दिवसासाठी असतात आणि हा तपासणीचा दिवस होता. आता यात अम्मीची ओळ चुकून उसवली जाऊ नये म्हणून त्याने आधी ती शोधली. अम्मीचा हात किती सरळ होता हे त्याने जन्मभर पाहिलेलं. तेव्हा माझ्यावरची जी एकुलती एक सरळ ओळ, ती त्याने अम्मीची धरली. तिच्यावर बोटं फिरवली, बोटं डोळ्यांना लावली. ती ओळ त्याच्या बायकोची आहे, हे मी त्याला कसं सांगणार होते?

मग त्याने ब्लेड घेतलं आणि सगळ्यात वाकड्या ओळीपासून सुरुवात केली. वरच्या कोपऱ्यातली, लाल दोऱ्याची.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडले असते. मला फक्त गाठ आवळून धरता आली. ती मी धरली. यासीनने पहिल्या गाठीशी पाव तास झटापट केली आणि "कोण शिवलं बे हे," असं म्हणत ती कापली. त्यानंतरचे टाकेही घट्ट होते. अकरा वाजेपर्यंत त्याची ती एकच ओळ उसवून झाली, आणि तेवढ्यावर निभावलं हे माझं नशीब.

इकडे तेलगावच्या स्टॅंडवर फरीदा परतीच्या एसटीत चढली आणि शेजारी बसली नेमक्या मंजुषाबाईंच्या. हे सगळं मला नंतर कळलं. धारूरचा घाट चढून होईपर्यंत फरीदाने त्यांना सासूबाईंच्या लाल ओळीची सगळी गोष्ट सांगितली होती आणि मंजुषाबाईंनी ती वहीत उतरवूनही घेतली होती. दोघी दुकानात शिरल्या तेव्हा यासीन लाल दोऱ्याचे तुकडे सुपलीत भरत होता.

मंजुषाबाई माझ्याजवळ खाली बसल्या. चेहरा प्रेमळ होता. हलीमाबींची ओळ कोणती, असं त्यांनी विचारलं. यासीनने मोठ्या अभिमानाने सरळ ओळीवर बोट ठेवलं, ते पुन्हा डोळ्यांना लावलं आणि अम्मीच्या हाताची तारीफ सुरू केली. असा हात आता कोणाचा राहिला नाही, म्हणाला.

"ती माझी हाय," फरीदा म्हणाली.

यासीन हसला. त्याला वाटलं, बायको पाहुण्यांसमोर चेष्टा करते आहे. फरीदा हसली नाही. ती माझ्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होती.

"अम्मीची वरची व्हती. लाल दोऱ्याची. सगळ्यात वाकडी. कुठं गेली?"

यासीनने सुपलीकडे पाहिलं. मग तो खाली बसला, मशीनच्या स्टुलाला पाठ लावून. फरीदाला राग आला होता, आणि आपल्या ओळीला सासूची ओळ समजून नवऱ्याने डोळ्यांना लावलं हेही तिला कळलं होतं, त्यामुळे तिला नीट रागावताही येईना. ख्वाजाभाईंनी नव्या नवरीची जी ओळ राखली, ती त्यांच्याच मुलाने शटर धुता धुता मोडून टाकली होती. मला त्याची दया आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आली, हेही कबूल करते.

मंजुषाबाईंची अंबाजोगाईची गाडी साडेअकराला होती. त्यांनी चष्मा बदलला, मोबाइलचा दिवा माझ्या कोपऱ्यावर तिरपा धरला आणि हिरव्या लुगड्यावरून बोट फिरवलं.

"भोकं आहेत अजून," त्या म्हणाल्या. "एकूण एक आहेत. याच भोकांतून पुन्हा सुई नेता येईल."

त्यांनी कॉलेजात फोन लावून सांगितलं की मुलींना आधी जेवून घेऊ द्या, मी मागच्या गाडीने येते. मग पिशवीतून सुई काढून बाह्या सरसावल्या. मंजुषाबाई एका इंचात आठ टाके शिकवतात, मोजपट्टी लावून. एक नाही, दहा ओळी त्या तासाभरात घालून देतील असा त्यांचा हात. पण फरीदाने सुई धरलेला तो हात अलगद थांबवला. या वाकळीवर पहिलीच ओळ पडती, असं तिने नम्रपणे सांगितलं. मंजुषाबाईंची पहिली ओळ कधीच कुठेतरी पडून गेलेली आणि फरीदाची तर समोरच दिसत होती. दोघींनाही हक्क उरला नव्हता.

मग दोघींनी एकदमच यासीनकडे पाहिलं.

त्याने खूप कारणं काढली. मशीनवर बसतो म्हणाला, माझी बोटं जाड हायत म्हणाला, गिऱ्हाईक येईल म्हणाला. फरीदाने जाऊन शटर अर्ध्यावर ओढलं आणि लाल दोरा ओवून सुई त्याच्या हातात दिली.

अंबाजोगाईला शिकवायला निघालेल्या बाईंचा पहिला विद्यार्थी असा धारूरलाच भेटला, आणि तो अगदीच ढ निघाला. दाभण हाणायची सवय, त्यामुळे पहिल्या टाक्यातच त्याने सुई माझ्यातून पार करून स्वतःच्या मांडीत घातली. दुसऱ्या वेळी दोरा निसटला. मंजुषाबाई सांगत होत्या, सुई ढकलू नका, कापड सुईवर येऊ द्या. तो दात-ओठ खात एकेक भोक शोधत होता. लुगड्यावर नाक टेकेल इतका वाकला होता. हलीमाबी खाली घसरल्या तिथे तोही घसरला, त्या वर चढल्या तिथे चढला. मध्यावर एका जागी तीन भोकं एकमेकांना चिकटून होती. तिथे त्याचा हात थांबला.

"हितं अम्मी अडकली व्हती," तो म्हणाला.

फरीदा म्हणाली, व्हय, अडकली व्हती. यासीनने मान खाली घालून त्या तिन्ही भोकांतून एकेक करून सुई नेली. त्याचे डोळे भरले होते, आणि मलाही रडू येत होतं. पण वाकळीला रडता येत नाही, तिला ओलं करणारे नेहमी दुसरेच असतात.

ओळ पुरी व्हायला तीन वाजले. तोवर मागची गाडीही गेली होती आणि तिच्या मागचीही. मंजुषाबाईंनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. त्यांनी शेवटची गाठ मारायला शिकवली आणि सवयीने सगळी ओळ तपासली. होती तशी वाकडी आली होती, जिथून जशी गेली होती तशी. फक्त शेवटाकडे एक टाका चुकला होता. भोक एकीकडे आणि टाका त्याच्या बाजूला, जिथे आधी काहीच नव्हतं. मंजुषाबाईंनी कात्री उचलली आणि म्हणाल्या, एवढा एक काढून देऊ का, म्हणजे अगदी अम्मींची होईल.

यासीनने त्या टाक्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. तेवढा माझा हाय."

मंजुषाबाईंनी कात्री पिशवीत टाकली. उद्या मुलींना पहिली ओळ मोजपट्टीशिवाय घालायला लावणार, असं त्या फरीदाला म्हणाल्या आणि चारच्या गाडीने गेल्या. मी सध्या गल्ल्यामागच्या फळीवर असते. तिथून रजया खाली दिसतात, त्यामुळे माझी ऐट जरा वाढली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वाकडी, विटकी, पाहुण्यांसमोर नको वाटणारी वस्तू असेल. तिला उन्हात टाका, झटका, आणि तिच्यावर बसून खुशाल खोड्या करा, आम्हाला त्याची सवय असते. फक्त तिला सरळ करायला बसाल तेव्हा आधी घरातल्या कोणाला तरी विचारा की हे पहिल्यांदा कोणी केलं होतं. तुम्ही विचाराल तेव्हा सांगणारं माणूस घरी असावं, एवढीच माझी काळजी आहे.